कानडी कागद, मराठी सही: एका चॅप्टर केसची हकिकत

कागद एका पानाचा. वरपासून खालपर्यंत कन्नडात छापलेला मजकूर, मधल्या मोकळ्या जागांत निळ्या शाईनं भरलेलं नाव, वय, गाव. तळाला छापील ओळ: ‘ओदि तिळिदुकोंडिद्देने’, म्हणजे ‘वाचून समजून घेतलं आहे’. आणि त्या ओळीखाली देवनागरीत, शाळेच्या वहीवर घालतात तसली गोल वळणाची सही.

ती सही त्या ओळीखाली कशी येऊन बसली, एवढंच हे प्रकरण. आमच्या कायदा मदत गटाकडं ते २०२४ च्या दिवाळीत आलं. आम्ही बेळगावातले चार वकील, कोर्टाची रोजची कामं सांभाळून ही कामं करतो. अशिलाचं नाव, गाव, पोलीस ठाणं यातलं काहीच इथं लिहीत नाही. ती त्याचीच अट होती.

काय घडलं

मुलगा २३ वर्षांचा. खानापूर रस्त्यावरच्या एका गावात घर, उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मोल्डिंगचं काम. दहावीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकला, पुढं आयटीआय केली. गणेश मंडळात ढोल वाजवतो. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या मोर्चाला दोन-तीनदा गेलाय, पण तेवढं या भागातलं कुठलंही पोर जातं. ३१ ऑक्टोबरला नरकचतुर्दशी होती. रात्री साडेदहाला दोन पोलीस दारात आले. “साहेबांनी बोलावलंय, दहा मिनिटांत सोडतो.” त्याची आई नंतर सांगत होती, “जेवत होता ओ. हात धुतो म्हणाला, तेवढंबी थांबले नाहीत.”

दुसऱ्या दिवशीची तारीख इथं कुणाला समजावून सांगावी लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. तेव्हापासून या दिवशी एका बाजूला कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसऱ्या बाजूला, महाराष्ट्रात जायचं म्हणणाऱ्या मराठी माणसांची, काळ्या दिनाची फेरी. एकाच शहरात, एकाच दिवशी, दोन्हीकडं हजारो माणसं. बंदोबस्ताचा ताण खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण या ताणावरचा स्वस्त उपाय म्हणजे यादी. ऑक्टोबर संपत आला की याद्या निघतात. मागच्या वर्षीची यादी, त्याच्या मागच्या वर्षीची यादी, त्यात कुणाच्या तरी स्टेटसवरून घातलेली नवी चार नावं. आमच्या अशिलाचं नाव स्टेटसवरून आलं होतं. भगवा झेंडा आणि खाली तारीख, बास्स.

अटक दाखवली ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७० खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १५१. दखलपात्र गुन्हा घडणार असं पोलिसांना दिसलं आणि तो दुसऱ्या कशानं टळण्यासारखा नसेल, तर वॉरंटशिवाय उचलता येतं, मात्र २४ तासांच्या वर ठेवता येत नाही. म्हणून १ तारखेला दुपारी त्याला कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर उभं केलं. तिथं कलम १२६, जुनं १०७. याच्यापासून शांततेला धोका आहे, तेव्हा यानं वर्षभर नीट राहण्याचा मुचलका द्यावा, म्हणजे तसं लिहून द्यावं आणि मोडलं तर ठरलेली रक्कम भरावी. याला आपल्याकडं सगळे चॅप्टर केस म्हणतात. मुचलका ५० हजारांचा, वर तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार.

अधिकाऱ्यानं कन्नडात काहीतरी विचारलं. शेजारचा हवालदार हळूच म्हणाला, “हौदु म्हण, सुटशील.” हौदु म्हणजे हो. तो ‘हौदु’ म्हणाला. नंतर मी विचारलं, तुला काय विचारलं असं वाटलं होतं? म्हणाला, “गोंधळ करणार नाहीस न्हवं, असं विचारलं असंल.” कागदावर मात्र त्या ‘हौदु’चा अर्थ असा उतरला होता की माहिती खरी असल्याचं यानं मान्य केलं.

मग जामीनदार. चुलत्याच्या नावावर जमीन आहे, पण उतारा अजून आजोबांच्या नावानं. वारसा लागलेला नाही. शुक्रवारी राज्योत्सवाची सुट्टी, शनिवारी बलिप्रतिपदेची, रविवार भाऊबीज. कुठलंही ऑफिस उघडं नाही. जामीन देता येईना म्हणून पोरगा हिंडलग्याच्या जेलमध्ये गेला आणि सोमवारी, ४ तारखेला संध्याकाळी, शेजाऱ्याच्या उताऱ्यावर बाहेर आला. तीन रात्री. आमच्याही ऑफिसला दिवाळीचं कुलूप होतं. त्या माउलीनं शनिवारी सकाळी केलेला फोन मी रविवारी दुपारी बघितला. हे इथं लिहून ठेवतो, कारण इतरांचे दोष मोजताना आपला राहून जातो.

सहा महिने गप्प बसा

चॅप्टर केसमध्ये अनुभवी वकील पहिला सल्ला देतात तो हाच. कलम १३५ प्रमाणं चौकशी सहा महिन्यांत पुरी झाली नाही, तर ती आपोआप संपते. बहुतेक वेळा पुरी होतच नाही. मग कशाला आव्हान द्या, खर्च करा, तारखा घ्या? तारखेला हजर राहा, मे उजाडला की मोकळे.

सल्ला व्यवहारी आहे, खोटा नाही. पण त्याचा परिणाम असा की हे आदेश वरच्या कोर्टापुढं जातच नाहीत. बघणारा कुणी नाही म्हणताना कागद वर्षागणिक तसाच छापला जातो. शिवाय मधल्या सहा महिन्यांत माणसाचं काय होतं, हे त्या सल्ल्यात धरलेलंच नाही. आमच्या अशिलानं गोव्यात एका कंपनीत अर्ज केला होता आणि तिथं पोलीस पडताळणी लागणार होती. त्यात ‘प्रकरण प्रलंबित’ असा शेरा आला की संपलं. त्याच्या आईला भीती वेगळीच होती. गावात एकानं सांगितलेलं, आता याच्या नावाची रावडी शीट, म्हणजे ठाण्यातली गुंडांची नोंद, उघडणार. तसं काही झालं नव्हतं, पण ती रोज विचारायची.

म्हणून आव्हान द्यायचं ठरलं. कुठं, यावर गटात आठवडाभर वाद झाला. मला धारवाडला जायचं होतं, उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढं. भाषेचा मुद्दा स्वच्छ मांडता येईल, निकाल लागला तर सगळ्या सीमाभागाला लागू पडेल. आमच्या गटातल्या एक वकीलबाई धारवाडच्याच, मातृभाषा कन्नड. त्या म्हणाल्या, “तुम्हाला निकाल पाहिजे. त्याला नोकरी पाहिजे. वकीलपत्रावर सही कुणाची आहे?” बेळगावातच सत्र न्यायालयात कलम ४३८ खाली पुनरीक्षण अर्ज करावा, असं त्यांचं मत. त्यात एक अडचण होती. अंतरिम आदेशाविरुद्ध पुनरीक्षण चालत नाही असं तेच कलम सांगतं, आणि सरकारी वकील हाच आडोसा घेणार हे उघड होतं. पण ज्या आदेशानं माणूस जेलमध्ये जातो त्याला नुसता मधला आदेश कसं म्हणायचं, हा युक्तिवाद त्यांच्याकडं तयार होता. अशिलाला दोन्ही वाटा समजावून सांगितल्या. तो म्हणाला, “जवळचं बघा की.”

एक-दोन पुढारी येऊन गेले. त्यांना पोराचा फोटो हवा होता, पत्रकार परिषद हवी होती. राग नाही त्यांच्यावर, त्यांची लढाई जुनी आहे. सीमाभागाबद्दलचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, आणि असं एखादं प्रकरण हाती आलं की ते उचलावंसं वाटणारच. पण पोरगा नको म्हणाला, आणि तिथं विषय संपला.

कळणं म्हणजे काय

कायद्यात भाषेचा मुद्दा कुठं बसतो, हे नीट बघावं लागलं. न्यायालयाची भाषा कोणती असावी हे राज्य सरकार ठरवतं, त्यामुळं आदेश कन्नडात काढला म्हणून तो चुकीचा, असं कुणीच म्हणू शकत नाही. आम्हीही म्हटलं नाही. आमचं म्हणणं कलम १३१ वर होतं. १३० खाली जो आदेश काढायचा, त्यात मिळालेल्या माहितीचा सारांश असावा लागतो, आणि माणूस समोर हजर असेल तर तो आदेश त्याला वाचून दाखवावा लागतो. त्यानं मागितलं तर सार समजावून सांगावं लागतं. ज्याला कळत नाही त्याच्यापुढं वाचणं म्हणजे भिंतीपुढं वाचणं.

याला आधार होता. संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदानं अटकेची कारणं कळवण्याचं बंधन घातलंय. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेच्या, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून आधीच कोठडीत ठेवण्याच्या, एका प्रकरणात, हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्येच सांगितलं की ज्याला फक्त हिंदी येतं त्याच्या हातात इंग्रजी कागद देऊन आणि तोंडी भाषांतर ऐकवून ‘कळवलं’ असं होत नाही. पुढं लल्लूभाई जोगीभाई पटेल यांच्या खटल्यात फक्त गुजराती जाणणाऱ्या माणसाबाबत तेच. हे निकाल स्थानबद्धतेचे, आपली केस मुचलक्याची, म्हणून ते तंतोतंत बसत नव्हते. पण आमचा अर्ज सुनावणीला यायच्या तोंडावर, ७ फेब्रुवारी २०२५ ला, विहान कुमार विरुद्ध हरियाणा राज्य हा निकाल आला. अटकेची कारणं अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत परिणामकारकपणे कळवली पाहिजेत, असं त्यात साध्या अटकेबद्दल म्हटलं होतं. (त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला मिहिर राजेश शाह प्रकरणात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढं गेलं: कारणं लेखी, आणि समजणाऱ्या भाषेत, कुठलाही गुन्हा असो. आम्हाला ते उशिरा मिळालं.)

आता अडचणीचा भाग. सरकारी वकिलांनी अशिलाचं दहावीचं मार्ककार्ड मागवलं. कर्नाटकातल्या मराठी शाळेत कन्नड विषय असतोच, आणि याला त्यात बऱ्यापैकी मार्क होते. “कन्नड येत नाही म्हणता, मग हे काय?” हे मार्ककार्ड आम्ही आधी बघायला हवं होतं. आम्ही अर्जात ‘अर्जदाराला कन्नड येत नाही’ असं सरळ लिहून बसलो होतो. ते वाक्य माझं. बाजारात, कारखान्यात तो कन्नड बोलतो, शेजारच्या मशीनवरचा बैलहोंगलचा मित्र त्याच्याशी कन्नडातच थट्टा करतो. बसची पाटी वाचतो. मग येतं की नाही?

यातून वाट काढली ती वकीलबाईंनी. त्यांनी तो कागद धारवाडला नेऊन आपल्या आईच्या हातात दिला. आई निवृत्त शिक्षिका, जन्मभर कन्नड शिकवलेलं. सगळी अक्षरं आली, अर्थ मात्र अर्धाच आला. ‘मुच्चळिके’ म्हणजे नेमकं काय, पैसे आत्ता भरायचे की मोडला तर, हे त्यांना लेकीला विचारावं लागलं. मुच्चळिके आणि आपला मुचलका, शब्द एकच, आणि दोन्हीकडं सामान्य माणसाला सारखाच अगम्य. कन्नड शिकवणारीला जो कागद उलगडत नाही, तो दहावीला कन्नड पास झालेल्या फौंड्रीतल्या पोराला रात्रभर कोठडीत बसून आल्यावर उलगडला, असं कसं मानायचं?

तिथून माझा या केसकडं बघण्याचा कोन फिरला. तोवर माझ्या डोक्यात मराठी विरुद्ध कन्नड असंच चाललं होतं. जत, अक्कलकोट भागातल्या कन्नड शेतकऱ्याच्या हातात महाराष्ट्रातलं पोलीस ठाणं मराठी कागद देतं, तेव्हा तोही असाच कुठंतरी कन्नडात सही ठोकत असणार. आणि खुद्द मराठी माणसाला तरी तो कागद कळतो काय? ‘उपरोक्त इसमाने सदरहू’ अशा वाक्यांनी भरलेल्या पंचनाम्यावर पुण्यातला मराठी माणूस सही करतो तीही बऱ्याचदा न वाचताच. दुरुस्तीचा अर्ज देऊन आम्ही ते वाक्य बदललं: अर्जदाराला बोलण्यापुरतं कन्नड येतं, आदेशातली भाषा त्याला समजली नाही आणि समजावून दिली गेली नाही. अर्ज दिसायला पडका झाला, पण खरा झाला.

नकला

नकला मिळवताना मी एक हट्ट केला, तो सांगायला हवा. संविधानाचा ३५० वा अनुच्छेद सांगतो की गाऱ्हाणं मांडणारं निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं. तेव्हा नकलेचा अर्ज मी मराठीत दिला, वर निवेदन जोडलं, त्यात अनुच्छेद लिहिला. शिरस्तेदारानं तो घेतला, बाजूला ठेवला. आठ दिवस गेले. वकीलबाईंनी कन्नडात चार ओळी टाइप करून दिल्या, दुसऱ्या दिवशी नकला हातात. अनुच्छेद माझ्या बाजूनं होता, आठ दिवस मात्र अशिलाचे गेले.

नकला बघितल्यावर केस खऱ्या अर्थानं उभी राहिली. त्याच दिवशी ज्यांच्याकडून मुचलका मागितला त्या आणखी चौघांनी आपापले कागद आम्हाला दिले होते. पाचही आदेश ओळीनं टेबलावर मांडले. माहितीचा सारांश पाचही ठिकाणी अक्षरशः एकच, एका शब्दातली छपाईची चूकसुद्धा पाचही ठिकाणी. एकाच्या वयाची जागा कोरीच होती. आणि सगळ्यात महत्त्वाचं: कारणं सांगणारा आदेश आणि ताबडतोब अंतरिम मुचलका द्या हा आदेश, दोन्ही एकाच पानावर, एकाच वेळी. मधे चौकशी नाही, एक साक्षीदार नाही, घाई का हे सांगणारी एक ओळ नाही.

इथं १९७० चा मधु लिमये विरुद्ध मुंगेरचे उपविभागीय दंडाधिकारी हा निकाल कामाला आला. पुण्यात जन्मलेल्या या समाजवादी नेत्यानं बिहारमध्ये याच कलमांखाली अटक झाल्यावर सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती. सात न्यायमूर्तींच्या पीठानं ही कलमं वैध ठरवली, पण अट घालून: अंतरिम मुचलका मागायचा तर आधी चौकशी सुरू झाली पाहिजे, माहितीत तथ्य आहे असं दंडाधिकाऱ्याला स्वतः पडताळून दिसलं पाहिजे. त्याआधी माणसाला मुचलक्यासाठी कोठडीत टाकता येत नाही. पन्नासहून जास्त वर्षं झाली या निकालाला. आमच्या टेबलावरच्या पाच कागदांना त्याचा पत्ता नव्हता.

निकाल

सुनावणी दोन तारखांत झाली. सरकारी वकिलांनी अंतरिम आदेशाची हरकत घेतली, मार्ककार्ड दाखवलं, सहीवर बोट ठेवलं. वकीलबाईंनी भाषेवर दहा मिनिटं आणि पाच कागदांवर अर्धा तास घेतला. मला ते प्रमाण उलटं हवं होतं.

मार्च २०२५ मध्ये आदेश रद्द झाला. कारणं चार: सारांश ठोकळेबाज, व्यक्तीगणिक विचार केलेला दिसत नाही, चौकशी सुरू न करता मुचलका मागितला, तातडीची कारणं नोंदवली नाहीत. भाषेच्या मुद्द्यावर एकच वाक्य: वरील निष्कर्ष पाहता या प्रश्नात जाण्याची आवश्यकता उरत नाही. वकील म्हणून मला हे वाक्य अपेक्षित होतं. जिथं सोप्या कारणानं काम भागतं तिथं कोर्ट अवघड कारणाला हात लावत नाही, आणि ते बरोबरच आहे. तरी वाचताना थोडं लागलं.

निकाल इंग्रजीत होता. वकीलबाईंनी त्याचं एका पानाचं मराठी करायला मला सांगितलं आणि ते पान स्वतः वाचून तीन शब्द खोडले: ‘पुनरीक्षण’, ‘तातडी’, ‘निष्कर्ष’. त्या जागी ‘वरच्या कोर्टात तपासणी’, ‘घाई’, ‘मत’. कन्नड बाईनं माझं मराठी सोपं केलं. त्याच्या आईनं ते पान देवापुढं ठेवलं की कपाटात, मला माहीत नाही. पण नंतर भेटली तेव्हा तिला सगळं पाठ होतं.

तीन रात्रींचं काय? भरपाईसाठी धारवाडला रिट करता आलं असतं, मानवी हक्क आयोगाकडं एका वर्षाच्या आत तक्रार करता आली असती. राष्ट्रीय आयोग तर आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेतली तक्रार घेतो, म्हणजे मराठीतही. मसुदा मी लिहून तयार ठेवला होता. तो म्हणाला, “सर, पुन्हा माझं नाव त्यांच्या टेबलावर कशाला?” मसुदा फाइलमध्ये आहे.

निकालाची प्रत ठाण्यात देऊन पोच घेतली. पडताळणीचा अहवाल मे महिन्यात आला, कुठलाही शेरा नाही. गोव्याची जागा तोवर भरली होती. तो अजून उद्यमबागेतच आहे. बाकी चौघांपैकी कुणीच आव्हान दिलं नाही. त्यांचे सहा महिने संपले, केस आपोआप मिटल्या, आणि त्यांच्या वकिलांनी मला हसत विचारलं की तुम्ही जास्त काय मिळवलं. पाच आदेशांपैकी एकच रद्द झाला, चार नुसते विरून गेले. नोंद त्या एकाचीच राहिली.

३० ऑक्टोबर २०२५ ला संध्याकाळी त्याचा फोन आला. मागं मशीनचा आवाज होता.

“सर, उद्या दुसरी पाळी आहे. सुटायला साडेअकरा होतात. घरी जाऊ, की इथंच झोपू?”

मी म्हटलं, “घरी जा. कागद बरोबर ठेव.”

“डब्याच्या पिशवीत असतोय.”

दुसऱ्या दिवशी रात्री मी फोन उशाशी घेऊन, आवाज पूर्ण चढवून झोपलो. वकीलबाईंनाही तसं सांगून ठेवलं होतं.